दक्षिणेच्या रांगेला पाणी

घर भाड्याचं असलं की माणूस भिंतीत खिळा ठोकायलाही परवानगी मागतो. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या खोलीत देवाची तसबीर टांगायची म्हणून बाबांनी मालकाला विचारलं, तर मालक म्हणाला, "टेकवून ठेव ना गा. टांगाले काहून पाहिजे?" ती तसबीर मग पिठाच्या डब्यावर भिंतीला टेकून उभी राहिली, ती कायमचीच. पोळ्या करायच्या तर आधी देव उचलावा लागे. घरांच्या प्रश्नावर मी पुढं पुष्कळ पत्रकं लिहिली. त्यांत मागण्या असत, धिक्कार असे. पण तो प्रश्न माझ्या डोक्यात शिरला तो त्या डब्यावरून.

बाबा कापडगिरणीत मागावर होते. सत्तरच्या दशकाच्या मध्याला मी कॉलेजात नाव घालून होते आणि दिवस युनियनच्या खोलीत काढत होते. स्टेन्सिल कापायची, सायक्लोस्टाइलच्या यंत्राचं हँडल फिरवायचं, शाईनं बरबटलेल्या हातांनी गिरणीच्या फाटकावर पत्रकं वाटायची, हेच माझं शिक्षण. त्यानं एक सवय लावली. जे चूक आहे त्याला चूक म्हणायचं, आणि मोठ्या अक्षरात म्हणायचं. घरात ही सवय कोणालाच आवडत नसे.

त्या काळी जो तो शहराबाहेर शेत घेऊन त्यात चुन्याच्या रेघा मारत होता आणि त्याला लेआउट म्हणत होता. ना रस्ता, ना नाली, ना पाणी. गिरणीतल्या माणसाला तिथला तुकडाही परवडत नव्हता, आणि ज्याला परवडला त्याच्या हाती कागदाशिवाय काही लागत नव्हतं. म्हणून आमच्या लोकांनी सहकारी सोसायटी काढली. गिरणीचे कामगार, सीताबर्डीच्या दुकानांतले नोकर, छापखान्यातले खिळे जुळवणारे, काही कारकून. महिन्याला थोडं थोडं बाजूला टाकून हिंगण्याच्या वाटेवरचं एक पडीक शेत त्यांनी घेतलं. शेतात एक विहीर होती, तिला उन्हाळ्यातही पाणी असे, आणि विहिरीजवळ एक कडुनिंब. सोसायटीचं कार्यालय म्हणजे तो कडुनिंब.

अध्यक्ष होते एका सरकारी कचेरीतले हेडक्लार्क. सगळे त्यांना साहेब म्हणत. सिमेंट तेव्हा परमिटवर मिळे आणि ते परमिट त्यांनी कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवून आणलं होतं. हे मी आधीच लिहून टाकते, कारण पुढं त्यांच्याबद्दल चांगलं लिहायला जागा मिळेलसं वाटत नाही.

सोसायटीचा एक नियम मात्र असा होता की त्यासाठी मी कोणाशीही भांडले असते. मिस्त्री तेवढा पगारी. विटा उचलणं, माल कालवणं, पाणी वाहणं सगळं सभासदांनी करायचं. आणि सगळ्या घरांच्या छपरांवर कवेलू, म्हणजे कौलं, चढेपर्यंत कोणतं घर कोणाचं हे ठरवायचं नाही. शेवटी चिठ्ठ्या काढायच्या. कारण सरळ होतं. अमकं घर आपलं हे कळलं की माणूस आपल्या भिंतीत सिमेंटचं घमेलं जास्त टाकतो आणि शेजाऱ्याच्या भिंतीत वाळू. ठाऊकच नसलं की कोणतीही भिंत आपली निघू शकते, म्हणून प्रत्येक भिंत नीट बांधली जाते. यात कोणाच्या चांगुलपणावर भिस्त नव्हती. मला नियम आवडला तो यासाठीच. चांगुलपणावर उभ्या राहिलेल्या पुष्कळ संस्था मी आडव्या झालेल्या पाहिल्या होत्या.

या नियमानं बायांची मात्र पंचाईत झाली. चौकट उभी करायची तर तिची पूजा हवी. पण घर कोणाचं हेच माहीत नाही, तर पूजा कोणाच्या नावानं? शिवाय सभासदांत बौद्ध कुटुंबं होती, ती असली पूजा मानत नव्हती. बरीच घासाघीस झाली आणि ठरलं की प्रत्येक चौकटीला आंब्याची पानं बांधायची, बाकी काही करायचं नाही. पानांना कोणाची हरकत नव्हती.

त्या बौद्ध सभासदांत एक बाई होती, गिरणीच्या कातणखात्यात कामाला. मी तिला मावशी म्हणायचे. नवरा वारलेला, घरी म्हातारी सासू. ती भाड्यानं राहत होती त्या खोलीला धड दार नव्हतं. पत्रा होता, आणि त्याला तार गुंडाळून ती ड्युटीवर जाई. एकदा पाळीवरून परतली तर तार उलगडलेली आणि आतली पितळेची भांडी गेलेली. मालक म्हणाला, कुलूप काहून नाही लावलं? "पत्र्याले कुलूप कुठून लावू, तुह्या नाकाले?" असं ती त्याला म्हणाली होती, आणि हे ती स्वतःच हसत हसत सांगे. तिला काय हवं होतं हे आम्हा सगळ्यांना तोंडपाठ होतं. चौकटीचं दार, आणि त्याला कडी-कोयंडा.

चार रांगा आखल्या होत्या. तीन रांगांची दारं पूर्वेला किंवा उत्तरेला. चौथीत रस्ताच असा वळला होता की दारं दक्षिणेला आली. कागदावर ते कोणाच्या लक्षात आलं नाही. जोतं वर आलं तेव्हा आलं, आणि मग कडुनिंबाखाली कुजबुज सुरू झाली. दक्षिणेला तोंड करून राहायचं? यमाच्या दिशेला? चिठ्ठी तशी निघाली तर?

एका रविवारी काम आटोपल्यावर साहेबांनी तोड काढली. अगदी सहज, पंच्यानं मान पुसत. "हे पाहा, आपल्यापैकी काही जण दिशा मानत नाहीत. त्यांना कुठलंही दार सारखंच. ती रांग त्यांनी घेतली तर कोणाचंच मन दुखणार नाही. एकोपा राहील." ठराव झाला नाही. कोणी हात वर केला नाही. मावशी त्या दिवशी गिरणीत होती. मी तिथंच होते आणि म्हणाले, "चिठ्ठ्यांचा नियम आहे, साहेब." ते म्हणाले, "आहे ना. नियम आहेच." मला वाटलं विषय संपला.

पण तो संपला नव्हता. पुढच्या आठवड्यात चौथ्या रांगेच्या चौकटी उभ्या झाल्या आणि त्यांना आंब्याची पानं नव्हती. मी विचारलं तर एक जण म्हणाली, "पानं पुरली नाहीत वं." विदर्भात, चैत्रात, आंब्याची पानं पुरली नाहीत!

मग उन्हं तापली. आमच्याकडचा वैशाख म्हणजे काय हे नागपूरकराला सांगायला नको. ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा ठेवून माणसं कामाला येत. अशा उन्हात नवीन भिंतीला सकाळ-संध्याकाळ पाणी मारलं नाही तर सिमेंट धरत नाही, नुसतं वाळतं. म्हणून दोन-दोन कुटुंबांची पाळी लावली होती. विहिरीतून पाणी ओढायचं, पितळेचा गुंड भरून कमरेवर घ्यायचा, चारही रांगा भिजवायच्या. आमच्या घरून आई जाई.

एका दुपारी मी चौथ्या रांगेच्या सावलीला सायकल लावून मिस्त्रीची वाट पाहत होते. हाताला चाळा म्हणून सायकलच्या किल्लीनं दोन विटांमधली सांध खरवडली. माल ढासळला. दाताखाली शेवेचा चुरा व्हावा तसा. मी आणखी एक सांध खरवडली, मग पलीकडच्या घराची, मग पुढच्या. सगळीकडं वाळू. मग पहिल्या रांगेकडं गेले. तिथं तीच किल्ली घसरली, नुसता ओरखडा उठला.

मिस्त्री आला. त्यानं बोट घातलं, झटकलं आणि म्हणाला, "हे भिंत पाणीच नाही पेली, बाई. बाकीच्या पेल्या."

मी तशीच घरी गेले. आई कांदे चिरत होती.

"माय, काल तुमची पाळी होती. चौथ्या रांगेले पाणी टाकलं होतं?"

"तीन रांगांले टाकलं."

"अन् चौथी?"

"ते रांग आपली थोडीच आहे!"

"कोण म्हणते?"

"सगळेच म्हणून राहिले. ते त्या लोकायची आहे." विळीवरचा हात थांबला नाही. "पाणी खोल गेलं विहिरीचं. कंबर तुटते मानसाची. जे आपलं होणार नाही त्याले काहून पाणी वाहावं? त्यायचं त्यायनं पाहावं."

"त्यायच्या बाया तुमच्या पहिल्या रांगेले पाणी टाकून राहिल्या ना पण!"

पुढच्या कांद्याचं टरफल आईनं जरा जास्तच जोरात ओढलं.

हेच ते. ना ठराव, ना सही, ना कोणाचा हुकूम. साहेबांनी मान पुसता पुसता एक वाक्य टाकलं होतं, आणि त्या वाक्यानं चार रांगांपैकी एका रांगेचं पाणी तोडलं. कोणती भिंत कोणाची हे ठाऊक नव्हतं तोवर आमची माणसं सरळ होती. एक रांग दुसऱ्यांची हे नुसतं ऐकलं, आणि परमिटचं सिमेंट उन्हात जाळून टाकलं.

मी पत्रक काढलं. गिरणीच्या मालकावर काढत होते तसंच, त्याच यंत्रावर. मथळा होता, 'चौथ्या रांगेचं पाणी कोणी तोडलं?' खाली लिहिलं की नियम कागदावर ठेवून पाठीमागून रांगा वाटल्या गेल्या आहेत. ज्या हातांनी पाळी चुकवली त्यांत माझ्या आईचे हात आहेत. चौथ्या रांगेच्या भिंती पाडून पुन्हा बांधल्या पाहिजेत, आणि चिठ्ठ्या चारही रांगांच्या एकत्र निघाल्या पाहिजेत. आईला वाचता येत नव्हतं. शेजारणीनं तिला मोठ्यानं वाचून दाखवलं, आणि आईच्या हातांची ओळ दोनदा. दोन दिवस आईनं मला ताट दिलं ते जमिनीवरून सरकवून.

रविवारी कडुनिंबाखाली सगळे जमले. साहेबांच्या हातात माझं पत्रक होतं, घडी घातलेलं.

"पोरी," ते म्हणाले, "पत्रक कंपनीवर काढतात. आपल्या माणसांवर नाही."

"कंपनी पाणी तोडते तेव्हा कंपनीवर काढते, साहेब. इथं कंपनी आली नव्हती."

मागून एक दुकानातला माणूस ओरडला, "अबे, हिले कोणी सभासद केलं? हिचा बाप सभासद आहे!"

बाबा सभेत कधी बोलत नसत. बसल्या जागेवरून म्हणाले, "बोलू दे. माह्या वाटचं बोलून राहिली ते."

साहेबांनी हात वर केला. भिंती काही इतक्या वाईट नाहीत, म्हणाले. वरून गिलावा मारला की धरतील. पाडल्या तर सिमेंट कुठून आणायचं? दुसरं परमिट मिळणार नाही. पावसाळ्याआधी छप्पर चढलं नाही तर चारही रांगा भिजतील. एका रांगेसाठी सगळ्यांचं नुकसान करायचं का? माणसं माना हलवू लागली. सिमेंटचं ते खोटं बोलत नव्हते, आणि हीच त्या भाषणाची ताकद होती.

तेवढ्यात मावशी उठली. पदर कमरेला खोचलेला, कारण ती विटा उचलता उचलता आली होती.

"साहेब, आमी दिशा मानत नाही म्हणता, ते खरं आहे," ती म्हणाली. "म्हणून तर आमाले उत्तरही चालते, पूर्वही चालते, पश्चिमही चालते. दक्षिणच पाहिजे असं कोणी सांगतलं तुमाले?"

कोणीतरी फिसकन हसलं. ती हसली नाही.

"दुसरं. भिंत चांगली आहे म्हणता ना? गिलाव्यानं धरते म्हणता? मंग काही पाडू नका. फक्त तुमी घ्या ते घर. आत्ता सगळ्यायसमोर म्हणा, कोपऱ्याचं घर माहं. मी उद्यापासून पाणी टाकतो त्याले, एकटी टाकतो."

साहेब पत्रकाची घडी उलगडत राहिले, घालत राहिले. कडुनिंबाखाली बसलेल्यांपैकी एकानंही ते घर मागितलं नाही. भिंत चांगली आहे म्हणणाऱ्यांनीही नाही.

मला आता बोलायचं होतं. माझ्याकडं अख्खं भाषण तयार होतं. पण माझ्याआधी आई उठली. मला वाटलं ती मला ओढून घरी नेणार. ती माझ्याकडं आलीच नाही. मिस्त्रीच्या सामानातून तिनं लोखंडी सब्बल उचलली आणि चौथ्या रांगेकडं चालू लागली.

"काहून वं, कुठं चालली?" बायांनी विचारलं.

"मले ठराव-बिराव समजत नाही," आई पाठमोरीच म्हणाली. "मी पाणी टाकलं नाही, मी पाडतो. पत्रकात नाव आलंच आहे. आता काय लाजायचं!"

पहिला घाव कोपऱ्याच्या भिंतीवर बसला आणि चार-पाच विटा अशा अलगद निघाल्या की जणू कोणी नुसत्या रचून ठेवल्या होत्या. ते सगळ्यांनी पाहिलं. त्या भिंतीनं केलेलं भाषण मला जमलं नसतं. बाबा उठले. मग छापखान्यातले दोघे. मग पाळी चुकवलेल्या बाया, एकमेकींकडं न बघता. संध्याकाळपर्यंत विटा सुट्या करून, माल झटकून, थप्प्या लागल्या होत्या. मावशी आईच्या शेजारी बसून विटा खरवडत होती.

"तुही पोट्टी लय तिखट आहे वं," ती आईला म्हणाली.

"तुले गोड लागत असन तर घेऊन जाय," आई म्हणाली. बस. याच्यापलीकडं दोघींत माफी वगैरे काही झालं नाही.

सिमेंटचा प्रश्न मात्र कोणाच्या सब्बलीनं सुटणार नव्हता. त्यावर एक ठराव मी मांडला आणि तो मंजूर झाला. साहेबांनीही हात वर केला, हेही लिहिते. चारही रांगांच्या घरांना आतून गिलावा करायचा होता, त्यासाठी सिमेंट राखून ठेवलं होतं. ठरलं की कोणत्याच घराला आतून सिमेंटचा गिलावा करायचा नाही. ते सगळं सिमेंट चौथ्या रांगेच्या भिंतींना. आतून सगळ्यांनी माती-भुसा लिंपायचा आणि वर चुना मारायचा. चुकी वाटून खाल्ली असं मी म्हणणार नाही. ती काही जणांची होती आणि भरपाई सगळ्यांनी केली, ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांनीही. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं, आजही पटत नाही. पण दुसरा रस्ता नव्हता, आणि घरं उभी करायची होती.

भिंती पुन्हा चढल्या. या वेळी पाळी अशी लावली की पाणी चौथ्या रांगेपासून सुरू करायचं. विहीर आणखी खोल गेली होती. बाया ओढायच्या, शिव्या द्यायच्या आणि ओतायच्या. शिव्यांत माझं नाव बरंच असे. ओता, म्हणायचे मी, आणि शिव्या द्या. एका सकाळी गेले तर चौथ्या रांगेच्या चौकटींना आंब्याची पानं बांधलेली दिसली. कोणी बांधली ते मी विचारलं नाही.

कवेलू चढले आणि चिठ्ठ्यांचा दिवस आला. पाणी वाहिलेलाच एक गुंड वाळवून त्यात चारही रांगांच्या चिठ्ठ्या एकत्र टाकल्या. ज्यानं त्यानं स्वतः यायचं आणि हात घालायचा. साहेबांना पहिल्या रांगेतलं पूर्वेचं घर निघालं. मला इतका राग आला की मी गुंड उलटा करून पाहिला असता, पण चिठ्ठी म्हणजे चिठ्ठी. आमच्या घरून बाबांनी आईला पुढं केलं आणि तिला उत्तरेचं निघालं. तिनं चिठ्ठी कपाळाला लावली. सभेत माझ्यावर ओरडलेल्या त्या दुकानातल्या माणसाला चौथी रांग निघाली. तो पुढं कित्येक वर्षं मागच्या दारानं आत जात असे आणि पाहुण्यांनाही तिकडूनच नेत असे.

मावशीनं हात घातला. चिठ्ठी मी वाचली, कारण वाचायचं काम माझ्याकडं होतं. चौथी रांग, कोपऱ्याचं घर.

मागून आवाज आला, "पाहा! एवढं रामायण करून शेवटी तिकडंच!" दोन-चार जण हसले. मी उत्तर देणार तोच मावशी वळली आणि त्या आवाजाच्या दिशेनं म्हणाली, "तिकडंच. पण चिठ्ठीनं. तुमच्या मेहरबानीनं गेली असती तर जन्मभर तुमचे उपकार फेडत बसली असती."

मग ती माझ्याकडं आली. "तुही सायकलची किल्ली दे वं."

आम्ही दोघी कोपऱ्याच्या घरापाशी गेलो. तिनं दाराशेजारची सांध निवडली आणि किल्लीचं टोक दाबून खरवडलं. पुन्हा खरवडलं, जोर लावून. एक पांढरी रेघ उठली. वाळूचा कण पडला नाही. तिनं चौकटीवरून हात फिरवला. कडी होती, कोयंडा होता. कडी तिनं एकदा घातली, काढली.

"हाव," ती म्हणाली. "पेली पाणी."

आणि मला माझी किल्ली परत दिली. "घे. आता मले माही होईल."